पुढच्या चाकाची घरघर: एका मालट्रकचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण खानापूर तालुक्यातील एका छोट्या वाहतूक व्यावसायिकाच्या मालट्रकचे आहे. मालक, चालक, ज्या गॅरेजांत आधी काम झाले ती गॅरेजे आणि गाडीचा क्रमांक यांची ओळख येथे दिलेली नाही. ट्रक दहा टायरचा, हवेच्या ब्रेकचा, पुढे सरळ बीमचा ॲक्सल आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असलेला, म्हणजे या भागातल्या रस्त्यांवर सर्रास दिसणाऱ्या बनावटीचा आहे. बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांतून ओतीव सुटे भाग कोल्हापूरकडे नेणे आणि गळीत हंगामात चिकोडी-हुक्केरी भागातील साखर चोर्ला घाटाने गोव्यात पोहोचवणे हे त्याचे नेहमीचे काम. उद्यमबागेतील ज्या कारखान्याच्या वाहनांची देखभाल मी पाहतो त्याचाही माल हा ट्रक नेत असे, आणि त्या ओळखीतून मालकाने हे प्रकरण माझ्याकडे आणले.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे–बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ अनेक दिवस बंद होता आणि निपाणी-कोगनोळी पट्ट्यात मालट्रकांच्या रांगा लागल्या होत्या. हा ट्रकही त्या रांगेत अडकला. डाव्या बाजूची चाके मातीच्या साइडपट्टीवर आणि उजवी डांबरावर, अशा तिरक्या अवस्थेत भरलेली गाडी उभी राहिली आणि शेतातून चढलेल्या पाण्यात डावीकडचे पुढचे चाक निम्मे बुडाले. पाणी ओसरल्यावर गाडी सुरू झाली, ब्रेक लागत होते, इंजिनात पाणी गेले नव्हते. त्यामुळे गाडी स्वच्छ धुण्यापलीकडे काही करावे असे कोणालाच वाटले नाही. पुराची ही हकिगत मालकाने पहिल्या भेटीत सांगितली नाही. आवाज सुरू झाला तो दिवाळीनंतर, तेव्हा दोन्हींचा संबंध जोडण्याचे त्याला काही कारण नव्हते.

तक्रार

तक्रार साधी होती. ताशी तीसच्या पुढे वेग गेला की पुढून घरघर सुरू व्हायची, चाळीस-पन्नासला ती स्पष्ट ऐकू यायची, आणि साठच्या वर वाऱ्याच्या व इंजिनाच्या आवाजात मिसळून जायची. गाडी भरलेली असली की आवाज जड होई. “आवाज उजवीकडनंच यालाय साहेब, माझ्या पायाखालनं,” असे चालक ठामपणे सांगत होता. अनेक वर्षे तो याच गाडीवर असल्यामुळे आवाज नवा आहे हे त्याचे म्हणणे विश्वासार्ह होते. तो कोठून येतो याविषयीचा त्याचा अंदाज मात्र वेगळा तपासून घ्यायला हवा होता, आणि आधीच्या दोन्ही गॅरेजांत नेमके तेच झाले नाही.

आधी झालेली कामे

पहिल्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी दोन्ही पुढच्या चाकांना हात लावून पाहिला. उजवे चाक डाव्यापेक्षा बरेच गरम लागले. चालकही उजवीकडेच बोट दाखवत होता, त्यामुळे शंका उरली नाही. उजवे हब, म्हणजे ज्यावर चाक बसते तो बेअरिंगवर फिरणारा मधला भाग, उघडून बेअरिंग धुतले, नवीन ग्रीस भरले, नट आवळून चाक परत बसवले. आवाज गेला नाही.

दुसऱ्या गॅरेजने त्याच चाकाची दोन्ही बेअरिंगे कप-कोनसह, म्हणजे हबमध्ये बसणारे बाहेरचे कडे आणि आतले रोलरांचे कडे यांसह, बदलली. आवाज थोडा कमी झाल्यासारखा चालकाला वाटला. काम करून घेतल्यावर पहिल्या फेरीत असे बहुतेकांना वाटते, कारण कान सुधारणेची वाट पाहत असतो. पुढच्या भरलेल्या फेरीत घरघर पूर्वीसारखीच होती. त्यानंतर पुढच्या टायरांची अदलाबदल झाली. त्याने आवाजाचा पोत किंचित बदलला आणि गोंधळ आणखी वाढला. शेवटी दोन सल्ले पुढे आले: एक, दोन्ही बाजूंचे किंगपिन (पुढचे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते ती) आणि बुश (तिच्याभोवतीची नळी) बदलून टाकावेत, दुसरा, गिअरबॉक्स उतरवून पाहावा.

मालकाचा स्वतःचा एक तर्क होता. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलवरील भाराची मर्यादा वाढवली आणि दहा टायरच्या ट्रकचे मान्य एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले. त्या जादा भारानेच पुढचा भाग बसला, असे तो म्हणत होता. हा तर्क अगदीच टाकाऊ नव्हता. पण गाडी जुन्या मर्यादेनुसार नोंदलेली होती आणि मालक वजनकाट्याच्या पावत्या जपून ठेवणारा माणूस होता. त्या पावत्यांत जादा भार दिसत नव्हता. शिवाय भाराने झिजायचे तर दोन्ही बाजू थोड्याफार सारख्या झिजायला हव्यात.

पहिला निर्णय: गाडी चालवायची की उभी करायची

मालक आला तेव्हा ट्रक साखरेने भरलेला होता आणि माल गोव्यात पोहोचवायचा होता. एवढी फेरी करून येतो, मग काय ते उघडून बघू, असे त्याचे म्हणणे होते. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता असे मी मानतो. मागच्या चाकाचे बेअरिंग बिघडले तर जोडचाक आणि ॲक्सलची रचना थोडा तरी वेळ देते. पुढच्या चाकाचे बेअरिंग तापून जाम झाले किंवा फुटले तर स्टिअरिंग एका बाजूला ओढले जाते, आणि फार पुढची पायरी गाठली तर हब चाकासह स्टब ॲक्सलवरून, म्हणजे ते ज्या आखूड दांड्यावर फिरते त्यावरून, निसटू शकते. त्यातच बिघडलेल्या हबमधून वितळलेले ग्रीस ब्रेकच्या लायनरवर (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर) आले तर त्या चाकाचा ब्रेक निकामी होतो. चोर्ल्यासारख्या सलग उताराच्या, वळणांच्या रस्त्यावर भरल्या गाडीने हा धोका पत्करण्यात अर्थ नव्हता.

समोर तीन पर्याय होते. माल दुसऱ्या गाडीत भरून ट्रक रिकामा करायचा. कमी वेगाने, मध्ये थांबून चाके तपासत गोव्यापर्यंत जायचे. किंवा त्याच जागी, भरल्या गाडीखाली जॅक लावून चाक उघडायचे. तिसरा पर्याय मी लगेच नाकारला, कारण रस्त्याकडेच्या मातीवर भरलेली गाडी जॅकवर उचलणे हा स्वतंत्र अपघात आहे. दुसरा मालकाला आवडत होता. त्याला एवढेच विचारले की, हात लावून चाक गरम आहे की नाही हे कळेल, पण यातले कोणते चाक बिघडले आहे हे आजवर कोणाला कळले आहे का? त्यावर त्याने ओळखीच्या एका ट्रकवाल्याला फोन लावला. भाड्याचा मोठा वाटा त्याच्याकडे गेला आणि हमाली वेगळी बसली, तरी माल दुसऱ्या दिवशी पोहोचला.

तपासणी: आधी रस्त्यावर

रिकामा ट्रक घेऊन चालक आणि मी महामार्गावर काकती ते वंटमुरी घाट अशी फेरी मारली. रिकाम्या गाडीत घरघर हलकी होती, तरी ऐकू येत होती. प्रत्येक चाचणीत एकच गोष्ट बदलायची आणि बाकी तशीच ठेवायची, असे आधीच ठरवले होते.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर घरघर चालू असताना चालकाने क्षणभर क्लच दाबला. इंजिनाचा वेग उतरला, घरघर मात्र गाडीच्या वेगालाच बांधलेली राहिली. त्यामुळे इंजिन आणि क्लच बाजूला पडले. गिअरबॉक्सचा मागचा भाग आणि मधला शाफ्ट क्लच दाबल्यावरही फिरत राहतात, तेव्हा ते एवढ्यावरून निर्दोष ठरत नाहीत, हेही लक्षात ठेवावे लागते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देण्याची पद्धत काहीजण सांगतात. अवजड वाहनात, विशेषतः उतारावर, ती वापरू नये. नंतर वेग तोच ठेवून ब्रेक अगदी हलका लावला, तेव्हा घरघरीत फरक पडला नाही. लायनर घासल्याचा आवाज असता तर तो ब्रेकच्या दाबासोबत बदलला असता.

निर्णायक ठरली ती वळणांची चाचणी. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या बाजूला झुकतो. उजव्या वळणावर डाव्या चाकावर, डाव्या वळणावर उजव्या चाकावर. या चाकांतले टेपर रोलर (निमुळत्या रोलरांचे) बेअरिंग खराब असेल तर भार वाढला की त्याचा आवाज वाढतो. वंटमुरी घाटाच्या लांब उजव्या वळणावर घरघर स्पष्ट वाढली आणि डाव्या वळणावर जवळजवळ थांबली. पुढे रिकाम्या पट्ट्यात ताशी चाळीसच्या वेगाने स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे नेऊन तेच करून पाहिले, उत्तर तेच आले. चालकाचा विश्वास बसेना, तेव्हा त्याला म्हटले, “मामा, आता तुम्ही डाव्या बाजूला बसा, गाडी मी घेतो.” डाव्या आसनावर बसल्यावर त्यालाही आवाज डावीकडून, पायाखालूनच यायला लागला. आवाज बीममधून, पाट्यांतून आणि चॅसीतून केबिनभर पसरतो. माणूस ज्या बाजूला बसतो त्या बाजूला तो त्याला ऐकू येतो, आणि आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो.

त्याच फेरीत एक गोष्ट अचानक हाती लागली. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गाडी गेली तेव्हा जड घरघर तशीच राहिली, पण तिच्यावर चढलेला एक बारीक, गुणगुणता आवाज एकदम बदलला. रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावर जो आवाज बदलतो तो टायरचा. म्हणजे येथे दोन आवाज एकत्र नांदत होते, आणि टायरांची अदलाबदल केल्यावर बदलला होता तो यातला दुसरा.

तापमानाचे कोडे

डावे बेअरिंग बिघडले असेल तर उजवे चाक गरम का, हा प्रश्न उरला होता, आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय काहीही उघडायचे नाही असे मी ठरवले. कारखान्यातील ओतकामाच्या विभागात वापरतात ते दुरून तापमान दाखवणारे यंत्र सोबत घेतले. गाडी पूर्ण थंड असताना निघालो, वाटेत ब्रेकचा वापर शक्य तितका टाळला आणि हलक्या चढावर गाडी आपोआप मंदावू देऊन थांबवली. मग प्रत्येक चाकावर दोन ठिकाणी तापमान घेतले: ब्रेक ड्रमच्या कडेवर आणि हबच्या टोपणाजवळ.

उजवीकडे ड्रम तापलेला होता आणि हबचे टोपण त्यामानाने थंड होते. डावीकडे उलटे: ड्रम जेमतेम कोमट, पण टोपणाजवळचा भाग त्याहून गरम. उजव्या चाकातील उष्णता बाहेरून, म्हणजे ड्रमकडून आत येत होती. डाव्या चाकातील उष्णता आतून, बेअरिंगकडून बाहेर येत होती. नुसता हात लावल्यावर दोन्हींतला फरक कळत नाही. हातापुरते बोलायचे तर उजवे चाक जास्त गरम होते आणि पहिल्या मिस्त्रींचे निरीक्षण खरेच होते. फक्त ते दुसऱ्याच दोषाकडे बोट दाखवत होते.

या टप्प्यावर मी मालकाला पुन्हा विचारले की गेल्या वर्षभरात गाडी कोठे पाण्यात, चिखलात उभी होती का, आणि तेव्हा कोगनोळीची हकिगत बाहेर आली.

जॅकवरची तपासणी

मागच्या चाकांना ठोकळे लावून आणि बीमखाली स्टँड ठेवून पुढची दोन्ही चाके उचलली. डावे चाक हाताने फिरवले तर ते अगदी सुरळीत फिरले, काही ऐकू आले नाही. अनेक ठिकाणी तपासणी येथेच थांबते आणि “बेअरिंग ठीक आहे” असा निकाल दिला जातो. पण चाक अधांतरी असताना बेअरिंगवर भारच नसतो. एकाने चाक फिरवायचे आणि दुसऱ्याने तळहात पाट्यावर दाबून ठेवायचा, असे केले तेव्हा पाट्यातून बारीक खरखर हाताला लागली. उजव्या बाजूच्या पाट्यावर तशी काही जाणीव नव्हती, पण ते चाक हात सोडताच थांबत होते, म्हणजे ब्रेक मोकळा सुटत नव्हता.

मग चाक वर आणि खाली धरून हलवले. डावीकडे ढिलेपणा होता. अशा वेळी एकाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हब आणि स्टब ॲक्सल एकमेकांना बांधले जातात. ढिलेपणा पूर्ण गेला तर तो बेअरिंगचा, आणि राहिला तर किंगपिनचा. येथे बराचसा गेला, थोडा राहिला. दोन्ही बाजूंनी आडवे हलवून टाय रॉडचे (दोन्ही पुढची चाके एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे) सांधे तपासले, ते घट्ट होते. किंगपिनमधील झीज डायल गेजने (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या उपकरणाने) मोजली. ती मर्यादेत असली तरी मर्यादेच्या फार आत नव्हती.

उघडल्यावर

डाव्या हबचे टोपण काढताच आतले ग्रीस दिसले. ते मूळ रंगाचे राहिलेले नव्हते, दूध जास्त झालेल्या चहासारखे फिकट झाले होते. पाणी मिसळलेल्या ग्रीसची ती खूण आहे. ऑइल सीलची (पाणी आत आणि ग्रीस बाहेर जाऊ न देणाऱ्या कड्याची) कड झिजून कडक झाली होती. उजवीकडचे सील काही महिन्यांपूर्वी लायनरच्या कामात बदललेले होते. डावीकडचे तेव्हा राहून गेले होते, आणि ते चाक तर पाण्यात जास्त खोल होते.

बाहेरच्या लहान बेअरिंगवर नुसते डाग होते. आतले मोठे बेअरिंग हातात घेऊन कप पुसला तेव्हा मात्र प्रकरण समोर आले. कपाच्या आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर, परिघाच्या एकाच भागात, समान अंतरावर काळपट आडव्या रेषा उमटल्या होत्या. दोन रोलरांमध्ये जेवढे अंतर असते तेवढेच या रेषांमध्ये होते. भरलेली गाडी पाण्यात न हलता उभी होती, तेव्हा भार खालच्या काही रोलरांवर होता आणि आत शिरलेले पाणीही खालीच साचले. रोलर जेथे टेकले होते तेथे गंजाने ओरखडे काढले. पुढे गाडी धावू लागल्यावर प्रत्येक फेऱ्याला रोलर या रेषांवरून गेले, रेषांच्या कडा तुटत गेल्या आणि दोन ठिकाणी धातूचे पापुद्रे निघाले. गंज लागल्यानंतर आवाज सुरू व्हायला दोन-अडीच महिने लागले, कारण तेवढ्या वेळात ओरखड्यांचे खड्डे झाले.

दुसरा शोध तितकाच गंभीर होता. हा कप हबमधून बाहेर काढायला ड्रिफ्टने (ठोकण्याच्या बोथट दांड्याने) चांगले ठोकावे लागते. येथे तो दोन हलक्या ठोक्यांत निघाला. हबच्या आतल्या भिंतीवर पंचाने मारलेले ठिपके होते. म्हणजे कप ढिला बसतो म्हणून पूर्वी कधीतरी कोणीतरी भिंतीवर पंच मारून धातू उचकटला होता आणि त्यात कप अडकवला होता. हा प्रकार बाजारात सर्रास चालतो. त्याने कप काही काळ धरून राहतो, पण तो ठिपक्यांच्या टोकांवर टेकलेला असतो. भार पडला की टोके दबतात आणि कप हबमध्ये सरकत राहतो.

उजवीकडे ब्रेकच्या कॅमशाफ्टचे (लायनर ड्रमवर दाबणाऱ्या दांड्याचे) बुश गाळ आणि गंजाने धरले होते. ग्रीस भरण्याच्या निपलमध्येच माती बसल्यामुळे गनने मारलेले ग्रीस आत पोहोचत नव्हते. ब्रेक सोडल्यावर कॅम पुरता परतत नव्हता आणि लायनर ड्रमला टेकून राहत होते. पूर एकच होता, पण त्याने एका चाकात बेअरिंग आणि दुसऱ्यात ब्रेक बिघडवला होता, आणि दुसऱ्याच्या उष्णतेने पहिल्याच्या आवाजावर पांघरूण घातले होते.

पर्यायांचा विचार

बेअरिंग बदलायचे, यात वाद नव्हता. मालकाचा प्रश्न होता की फक्त आतले बदलावे की दोन्ही. बाहेरच्या बेअरिंगनेही तेच पाणी पाहिले होते आणि त्यासाठी हब पुन्हा उघडण्याची मजुरी बेअरिंगच्या किमतीच्या जवळ जाते. म्हणून दोन्ही, कप-कोनच्या पूर्ण जोडीने आणि नव्या सीलसह घ्यायचे ठरले. जुन्या कपात नवा कोन बसवणे हा खर्च वाचवण्याचा प्रकार नव्हे, नवा कोन वाया घालवण्याचा आहे.

हबबाबत मात्र बराच वेळ चर्चा झाली. पुन्हा पंच मारणे आणि धातू धरून ठेवणारे रसायन लावणे हे दोन मार्ग मी पुढच्या चाकासाठी विचारातच घेतले नाहीत. उरले दोन: हब लेथवर बोअर करून त्यात बुश बसवायचे आणि मूळ मापाला आणायचे, किंवा नवे हब आणायचे. मालकाचा कल बुशकडे होता, आणि त्याची बाजू लंगडी नव्हती. उद्यमबागेत हे काम शतांश मिलिमीटरात करून देणारे कारागीर आहेत, आणि ते एका दिवसात झाले असते. नवे हब बाहेरून मागवावे लागणार होते आणि तोवर गाडी हंगामाच्या ऐन भरात उभी राहणार होती. पण त्या हबची भिंत बेअरिंगच्या जागी मुळात फार जाड नसते, बोअर केल्यावर ती आणखी पातळ होणार, आणि पंच मारलेल्या भिंतीत बारीक भेग असेल तर ती बुशमागे झाकली जाणार. मागच्या चाकाचे हब असते तर भेग तपासून बुश बसवायला मी हरकत घेतली नसती. पुढच्या, वळणाऱ्या चाकासाठी नवे हबच घ्यावे, असे सांगितले, आणि मालकाने कुरकुरत का होईना ते मानले.

किंगपिनचे काम त्याच वेळी करावे का, हाही प्रश्न होता. झीज मर्यादेत होती, मालकाचे पैसे हबमध्ये अडकले होते, आणि सर्व दुरुस्त्या एकाच वेळी केल्या असत्या तर आवाज कशाने गेला हे कोणालाच कळले नसते. ते काम नव्या टायरांसोबत करायचे ठरले. तोवर चाके उचलून, म्हणजे किंगपिनवरचा भार काढून ग्रीस भरायचे, म्हणजे ते सगळीकडे पोहोचते, हे चालकाला करून दाखवले.

केलेले काम

डाव्या स्टब ॲक्सलवरील बेअरिंगच्या जागा तपासल्या. त्यांवर ओरखडे नव्हते. नव्या हबमध्ये नवे कप प्रेसने, तिरके होऊ न देता, तळाला टेकेपर्यंत बसवले. जुने ग्रीस पूर्ण धुऊन काढले, कारण वेगवेगळ्या साबणांवर (तेल घट्ट करणाऱ्या घटकांवर) आधारलेली ग्रीसे एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहू शकतात. कोनमध्ये ग्रीस रोलरांच्या रुंद टोकाकडून, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत दाबले. हबची पोकळी मात्र ठासून भरली नाही. जास्त ग्रीस म्हणजे जास्त संरक्षण, ही समजूत चुकीची आहे. घुसळण वाढून हब उलट जास्त तापते.

नट आवळताना चाक सतत फिरवत ठेवले, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. आधी घट्ट आवळून, मग पूर्ण सैल करून, पुन्हा हलके आवळून, थोडे मागे घेऊन डायल गेजने हबची आत-बाहेरची हालचाल मोजली. अवजड वाहनांच्या अशा बेअरिंगसाठी ती साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर धरतात. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे माप दिले असेल तर तेच पाळावे. त्यानंतर लॉक वॉशरचा कान वळवला. पहिल्या गॅरेजने नट हाताच्या अंदाजाने आवळला होता, आणि तो अंदाज बहुधा जास्त घट्टपणाकडेच झुकतो.

उजवीकडे कॅमशाफ्टची बुशे आणि निपल बदलले, परतीची स्प्रिंग नवी घातली आणि स्लॅक ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधले अंतर ठरवणारा भाग) दोन्ही बाजूंना सारखा लावून घेतला. डाव्या कॅमशाफ्टलाही तेच ग्रीस मारून तो मोकळा फिरतो याची खात्री केली. उजव्या हबचे बेअरिंग नुकतेच बसवलेले होते. ते उघडून फक्त आत-बाहेरची हालचाल मोजली, ती कमी निघाली, म्हणून नट थोडा सैल केला.

परिणाम

त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, रिकाम्या आणि नंतर भरलेल्या गाडीने फेरी मारली. जड घरघर गेली. उजव्या वळणावरही ती परतली नाही, आणि दोन्ही चाकांचे तापमान जवळपास सारखे आले. बारीक गुणगुण मात्र राहिली, आणि ती राहील हे मालकाला आधीच सांगितले होते. ढिल्या चाकाने पुढच्या एका टायरच्या कडेला खोलगट चट्टे पाडले होते आणि तो टायर बदलेपर्यंत गुणगुण जाणार नव्हती. आधी सांगितले नसते तर त्या आवाजाने हेही काम फसले असे मालकाने धरले असते. काही शे किलोमीटर धावल्यावर चाकाचे नट पुन्हा आवळून हबची हालचाल पुन्हा मोजली. ती मापात होती. हंगाम संपल्यावर टायर आणि किंगपिनचे काम झाले आणि त्यानंतर गुणगुणही थांबली.

काम संपताना चालकाने आसनाखालच्या पेटीतून दुसऱ्या गॅरेजने काढलेली उजवीकडची जुनी बेअरिंगे आणून दिली. त्याने ती टाकली नव्हती. पुसून पाहिली तर कप आणि रोलर दोन्ही स्वच्छ होते, एकही रेष नव्हती. दोन गॅरेजांचे काम कशावर झाले होते, याचा तो हातात धरता येण्याजोगा पुरावा होता.

काय वेगळे करता आले असते

दुसऱ्या गॅरेजला ही बेअरिंगे काढल्या-काढल्या पुसून पाहता आली असती. निर्दोष बेअरिंग हातात आले म्हणजे निदान चुकले आहे, हे तेथेच, नवीन बसवण्याच्या आधी कळले असते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. वळणाची चाचणीही फुकट आहे. पहिल्याच दिवशी मिस्त्रींपैकी एकजण चालकासोबत गाडीत बसला असता तर बाजू ठरली असती. आपल्याकडील अडचण अशी की गॅरेजला मजुरी मिळते ती उघडण्या-बसवण्याची. निदानासाठी घालवलेल्या वेळाचे पैसे मालक देत नाही, आणि म्हणून मिस्त्रीही तो वेळ घालवत नाही. या प्रकरणात वाया गेलेल्या बेअरिंगांची आणि मजुरीची रक्कम निदानाच्या कोणत्याही वाजवी शुल्कापेक्षा जास्त होती.

कामांची नोंद एका ठिकाणी नव्हती. एका गॅरेजचे बिल कन्नडमध्ये छापील, दुसऱ्याचे मराठीत साध्या कागदावर, आणि लायनरच्या कामाचे बिलच नाही. उजवे सील बदलले आणि डावे राहिले, ही गोष्ट चालकाच्या आठवणीतून शोधून काढावी लागली. पंच मारलेले हब कधीचे, हे तर शेवटपर्यंत कळले नाही. गाडीच्या कागदपत्रांसोबत एक वही ठेवली आणि तीत तारीख, किलोमीटर, कोणते चाक आणि कोणता भाग एवढेच लिहिले, तरी पुढच्या मिस्त्रीचे निम्मे काम होते. मालकाने आता तशी वही ठेवली आहे.

राहता राहिले पुराचे. पाणी हबच्या मध्यापर्यंत चढले असेल तर आवाज येण्याची वाट न पाहता दोन्ही पुढची हब उघडून, धुऊन, नव्या सीलसह पुन्हा ग्रीस भरून घ्यावीत, असे मी मालकाला सांगितले. पाणी ओसरल्यावर लगेच हे केले असते तर हे बेअरिंग कदाचित वाचले असते. काही दिवस पाण्यात उभे राहिल्यावर नक्की वाचलेच असते असे म्हणता येत नाही, पण गंज किती लागला हे निदान दिसले असते. मागच्या हबबाबत आमचे एकमत झाले नाही. तेथे काम मोठे असते, शाफ्ट काढावे लागतात, आणि पाणी तितके चढले नव्हते, असे मालकाचे म्हणणे. तडजोड म्हणून मागच्या एका बाजूचे, डावीकडचे हब उघडले; तेथील ग्रीस कोरडे आणि मूळ रंगाचे निघाले, म्हणून दुसरी बाजू उघडली नाही.